बिनतारी दाराची कडी

"अरे, तो डोळा मान वळवून माझ्याकडे बघतो," आई म्हणाली.

दुपारी चहाच्या वेळी ती हे म्हणाली, आणि आम्ही सर्वांनी ते हसण्यावारी नेले. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली, मांडीचे हाड मोडले, आणि तेव्हापासून काठी घेऊन ती खोलीतल्या खोलीत हिंडते. मी कॉलेजात, आमची ही शाळेत, चिरंजीव क्लासात. दुपारभर आई घरात एकटी. ती पुन्हा पडली तर कळावे म्हणून आम्ही तिच्या खोलीत कपाटावर एक छोटासा कॅमेरा ठेवला होता. मोबाइलवर बोट फिरवले की तो मान वळवतो, खोली दाखवतो. पांढराशुभ्र, मध्ये काळा डोळा. आईने पहिल्या दिवसापासून त्याचे नाव 'डोळा' ठेवले होते.

त्यानंतर आठवड्याभरात ती हेच दोनतीनदा म्हणाली. मला वाटले, दुपारी हिने शाळेतून पाहिले असेल. हिला वाटले, मी कॉलेजातून पाहिले असेल. चिरंजीवांना वाटले, आईबाबांपैकी कुणीतरी असेल. प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावावर ती हालचाल खपवली, आणि कुणीच कुणाला विचारले नाही. आईच्या वयाची माणसे काहीबाही बोलतात, असे मनातल्या मनात म्हणून आम्ही मोकळे झालो. मग आईनेच तिच्यापुरता उपाय शोधला. एके दिवशी मी घरी आलो तो कॅमेऱ्यावर तिचे जुने लुगडे घडी करून टाकलेले. मी काहीसा रागावलोच. "आई, अगं तुझ्यासाठीच तो ठेवलाय ना?" असे म्हणून मी लुगडे काढून ठेवले. आई काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे केले आणि ती निजून राहिली.

पुढच्या रविवारची गोष्ट. आम्ही तिघेही घरात, तिघांचेही मोबाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका रांगेत. मी आईला औषध द्यायला तिच्या खोलीत गेलो. ती पलंगाच्या कडेला बसून साडीच्या निऱ्या सारख्या करीत होती. आणि कपाटावर हलकासा 'घर्र' असा आवाज झाला. मी वर पाहिले. कॅमेऱ्याने मान खिडकीकडून पलंगाकडे वळवली, क्षणभर थांबला, आणि पुन्हा थोडी खाली केली.

मी जाऊन त्याची वायर उपटली. हात थरथरत होते. आईकडे पाहण्याचे धैर्य काही मला झाले नाही.

त्याच संध्याकाळी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. बारावीत तो माझ्यापुढे मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसे आणि वहीत वर्तुळे काढी. आता तो संगणकाच्या जाळ्यांची राखण करण्याच्या धंद्यात चांगले नाव मिळवून आहे. तो आला, आईच्या पाया पडला, चहा घेतला, आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे लुकलुकणाऱ्या त्या पेटीकडे, म्हणजे राउटरकडे, बोट दाखवून म्हणाला, "सर, याचा पासवर्ड काय?"

मी सांगितला. तो होता एक ते आठ आकडे, ओळीने. केबलवाल्याने पेटी बसवताना तोच टाकून दिला होता, आणि लक्षात ठेवायला सोपा म्हणून आम्ही त्याचे कौतुकच केले होते.

"आणि या पेटीचा स्वतःचा?"

"म्हणजे? वेगळा असतो?"

तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने आपल्या लॅपटॉपवर काहीतरी उघडले आणि पडदा माझ्याकडे फिरवला. आमच्या जाळ्यावर त्या घटकेला जोडलेल्या वस्तूंची ती यादी होती. आमच्या घरच्या वस्तू मी बोटांवर मोजल्या: मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, तो अभागी कॅमेरा धरून नऊ झाल्या. यादीत एकोणीस नावे होती.

बाकीची दहा कुणाची? काही मी ओळखली. २०२० साली सारे जग घरात कोंडले गेले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या नातवाची शाळा मोबाइलवर भरत असे आणि त्यांच्याकडे इंटरनेट नव्हते. मी आपण होऊन त्याला पासवर्ड दिला होता. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्या मुलाने तो मित्राला दिला, मित्राने भावाला, गणपतीत आलेल्या पाहुण्यांनी तो नेला, रंगाऱ्याने नेला, सुताराने नेला. पाच वर्षांत आमच्या घराची किल्ली अशी गावभर फिरली होती, आणि ते कुलूप आम्ही एकदाही बदलले नव्हते.

कॅमेऱ्याची गत तर याहून वाईट होती. कारखान्यातून येताना त्याला जे नाव आणि जो पासवर्ड होता, तोच अजून होता. तसल्या हजारो कॅमेऱ्यांना तोच असतो, आणि तो कुणालाही शोधून काढता येतो. शिवाय बाहेरून कॅमेरा पाहता यावा म्हणून राउटरने आपल्याआपणच त्याच्यासाठी एक चोरदरवाजा उघडून ठेवला होता. "सर, म्हणजे बघणारा तुमच्या जिन्यात उभा असेल किंवा सातासमुद्रांपलीकडे बसला असेल," तो म्हणाला. "दोन्ही दारे उघडीच होती."

तो कोण होता, हे आम्हांला आजपर्यंत कळलेले नाही. इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणी नमस्कार केला की अजूनही क्षणभर माझ्या मनात नको तो विचार येतो. चोरीला गेलेली वस्तू परत मिळते किंवा मिळत नाही. पण शेजाऱ्याच्या नमस्कारातला निर्मळपणा गेला तर त्याची फिर्याद कोठे नोंदवायची?

त्या रात्री माझ्या विद्यार्थ्याने मला जे शिकवले आणि नंतर मी जे वाचून पडताळून घेतले, ते या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. यात पांडित्य काही नाही. माझ्यासारख्या व्याकरणात आयुष्य काढलेल्या माणसाला जे समजले, ते कुणालाही समजेल.

पहिली गोष्ट म्हणजे, 'वायफाय' हे नाव कितीही नवे असले तरी जात जुनीच आहे. ती बिनतारी लहर आहे, रेडिओची सख्खी बहीण. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी अशा लहरींच्या साहाय्याने दूर अंतरावरची घंटा वाजवून दाखवली, आणि मधली भिंत त्या लहरींना अडवू शकली नाही. आपल्या सर्व प्रश्नाचे मूळ येथेच आहे. भिंत माणसाला अडवते, लहरीला नाही. आपला राउटर आपल्या दिवाणखान्यात असतो, पण त्याचा आवाज जिन्यात, गच्चीवर, खालच्या दुकानात आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतही ऐकू जातो. रेडिओ नुसता ऐकत असे; हा राउटर ऐकतो आणि बोलतोही. म्हणून घराचा खरा उंबरठा आता दारापाशी नाही. लहर जेथवर पोचते तेथे तो गेला आहे.

हे भान माणसाला पहिल्यांदा कसे आले त्याची एक मौजेची हकीकत आहे. १९०३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. मार्कोनीसाहेब दूर कॉर्नवॉलमध्ये आपल्या यंत्रापाशी बसलेले, आणि त्यांचा बिनतारी संदेश भर सभेत येऊन दाखल व्हायचा होता. आपले संदेश दुसऱ्या कुणाला पकडता येणार नाहीत, असा मार्कोनींचा दावा. पण ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीच यंत्र टकटक करू लागले, आणि त्यातून 'उंदीर, उंदीर' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हापुन्हा उमटू लागला. त्यामागून मार्कोनींची टर उडवणाऱ्या ओळीही आल्या. फ्लेमिंग संतापले. त्यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून या आगंतुकाचा शोध घेण्याचे आवाहन केले. चार दिवसांत गुन्हेगाराने त्याच पत्रातून आपण होऊन कबुली दिली. तो होता नेव्हिल मॅस्केलिन, धंद्याने जादूगार! या यंत्रणेतली भोके लोकांना दाखवावीत एवढ्याचसाठी आपण हे केले, असे त्याचे म्हणणे. सव्वाशे वर्षे होत आली, पण जादूगाराचा धडा शिळा झालेला नाही. हवा कुणाच्या मालकीची नसते. तिच्यातून जे पाठवायचे ते कुलूप लावूनच पाठवले पाहिजे.

"आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" असा प्रश्न यावर मध्यमवर्गीय घरात हमखास निघतो. आमच्याकडेही निघाला. त्याला एक उत्तर माझ्या आईने दिलेच आहे. दुसरे उत्तर आपल्या महाराष्ट्राने २००८ साली फार महागात घेतले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा एक ई-मेल वृत्तसंस्थांकडे आला होता. पोलिसांनी माग काढला तो थेट नव्या मुंबईतल्या एका परदेशी गृहस्थाच्या घरी जाऊन थांबला. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हते. त्याचे वायफाय उघडे होते आणि कुणीतरी बाहेरून ते वापरून गेले होते. पुढे तो निर्दोष ठरला. पण तोवर चौकशी, संशय, वर्तमानपत्रांतले मथळे हे सर्व त्याने सोसले. पुढच्याच महिन्यात तसाच एक ई-मेल माटुंग्याच्या एका कॉलेजातल्या जाळ्यावरून गेला, आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधून. तेव्हा कोठे सर्वांचे डोळे उघडले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून उघडी जाळी हुडकण्याची मोहीम हाती घेतली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या.

तात्पर्य असे की, चोराला आपल्या घरातले काही न्यायचे असतेच असे नाही. पुष्कळदा त्याला आपले नाव हवे असते. आपल्या जाळ्यावरून जे जाईल त्यावर बाहेरच्या जगाच्या लेखी आपलाच पत्ता असतो. कधी त्याला आपली यंत्रे राबवायला हवी असतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका दुष्ट प्रोग्रामने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर असेच वेठीला धरले. त्याच्यापाशी विद्या फार मोठी नव्हती. कारखान्यातल्या साठएक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, आणि त्या तो एकामागून एक लावून पाही. ज्यांच्या मालकांनी पासवर्ड बदलले नव्हते ती लाखो यंत्रे त्याला शरण गेली. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला एका अमेरिकन कंपनीच्या यंत्रणेवर असा हल्ला केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी संकेतस्थळे कित्येकांना काही तास उघडेनात. त्या फौजेत कुणाच्या तरी पाळण्यावर नजर ठेवणारा कॅमेराही असेल, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसेल!

आता कुलपांविषयी. वायफायच्या कुलपांच्या आजवर चार पिढ्या झाल्या. पहिले, डब्ल्यूईपी नावाचे, १९९७ चे. २००१ मध्येच त्यातली खोट तज्ज्ञांनी दाखवून दिली, आणि २००७ साली तर जर्मनीतल्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले. दुसरे, डब्ल्यूपीए, २००३ चे; ते तात्पुरते ठिगळ होते. तिसरे, डब्ल्यूपीए २, हे २००४ चे, आणि बहुतेक घरांत आज तेच आहे. चौथे, डब्ल्यूपीए ३, २०१८ चे. आपल्या राउटरच्या पानावर यांपैकी कोणते निवडले आहे ते पाहावे. तिसरे किंवा चौथे असेल तर ठीक; पहिले दोन असतील तर ते कुलूप नव्हे, कुलपाचे चित्र आहे असे समजावे.

तिसऱ्या आणि चौथ्या कुलपांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. तिसऱ्या कुलपात असे होते की, आपला मोबाइल राउटरशी जोडला जाताना दोघांत जी क्षणभराची बोलणी होतात, ती बाहेरचा माणूस टिपून घेऊ शकतो, आणि घरी नेऊन निवांतपणे एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. आपल्या दाराशी त्याला उभे राहावे लागत नाही. चौथ्यात ही सोय नाही. तेथे प्रत्येक अंदाजासाठी पुन्हा राउटरलाच विचारावे लागते. म्हणून तिसरे कुलूप असलेल्या घरात पासवर्ड कसा आहे यावर सगळे अवलंबून आहे.

येथे माझ्या विद्यार्थ्याने मला गणित घातले. मराठीच्या मास्तरावर त्याने उगवलेला तो सूडच म्हणायचा. आठ आकडी पासवर्ड एकूण दहा कोटी होतात. खेळासाठी विकत मिळणाऱ्या एका चांगल्या संगणकाने सेकंदाला पाच लाख अंदाज तपासले असे धरू. हा आकडा मुळीच फुगवलेला नाही. तर दहा कोटींना लागतात दोनशे सेकंद. चहा उकळायच्या आत काम फत्ते! आणि आमचे एक ते आठ तर पहिल्याच फटक्यात. "मग मोबाइलचा नंबर ठेवू," मी म्हणालो. आपल्याकडे मोबाइलचे नंबर सहा ते नऊ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात. असे दहा आकडी नंबर होतात चारशे कोटी. त्यांना लागले सव्वादोन तास.

"मग काय करावे?"

"सर, तुमच्याकडे शब्दकोश आहे ना?"

मी जाडजूड मराठी शब्दकोश काढून दिला. तो त्याने आईच्या मांडीवर ठेवला. "आजी, डोळे मिटून पान उघडा आणि बोट ठेवा." आईने पाच वेळा बोट ठेवले. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले पाच शब्द निघाले. ते इंग्रजी लिपीत ओळीने लिहिले की झाला पासवर्ड. नेहमीच्या पाच हजार शब्दांतून असे चार शब्द निवडले, तर त्याच संगणकाला सारे पर्याय तपासायला चाळीस वर्षे लागतात. आणि पाच निवडले, तर सुमारे दोन लाख वर्षे! राउटर त्रेसष्ट अक्षरांपर्यंतचा पासवर्ड घेतो, तेव्हा जागेची चिंता नाही. अट एकच: शब्द आपल्या आवडीने निवडायचे नाहीत, नशिबाने निवडायचे. मी एखाद्या प्रसिद्ध अभंगाचा चरण सुचवून पाहिला. त्याने मान हलवली. जे लाखो लोकांना पाठ आहे ते चोरालाही पाठ असते. मुलाचे नाव आणि जन्मसाल, आडनाव आणि एक-दोन-तीन, हेही त्याच माळेतले मणी.

आईचे ते शब्द आम्ही एका कागदावर लिहून देवघराच्या खणात ठेवले आहेत. कागदावर लिहू नये असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हा चोर हवेतून येणारा. देवघराच्या खणापर्यंत त्याचा हात पोचत नाही. कठीण पासवर्ड कागदावर असलेला बरा, पण सोपा डोक्यात असलेला नको.

बाकीची कामे अर्ध्या तासाची. राउटरच्या आतल्या पानावर जायला जे वेगळे नाव आणि पासवर्ड लागतो, तो आधी बदलावा. पुष्कळ घरांत वायफायचा पासवर्ड चांगला असतो आणि हा मात्र कारखान्यातलाच. पुढचे दार बंद आणि मागचे सताड उघडे, अशातली गत. ते पान कोठे उघडते ते बहुधा राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेले असते. सापडले नाही तर केबलवाल्याला बोलावून समोर बसवून बदलून घ्यावे, आणि नवा पासवर्ड मात्र त्याची पाठ फिरल्यावर आपल्या हाताने टाकावा.

दुसरे, 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय बंद करावी. बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांक टाकून उपकरण जोडण्याची ही युक्ती. २०११ साली असे उघडकीस आले की, राउटर या आठ आकड्यांची दोन तुकड्यांत तपासणी करतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा असतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत काम होते. बाहेरून राउटरचे पान उघडू देणारी सोय असेल तर तीही बंद करावी, आणि उपकरणांसाठी आपल्याआप चोरदरवाजे उघडणारी, 'यूपीएनपी' या नावाची, तीही.

तिसरे, राउटरला वेळच्या वेळी औषधपाणी करावे. त्याच्या आतल्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या निघतात, त्या घालाव्यात. २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ या संशोधकाने तिसऱ्या कुलपातलीही एक फट दाखवून दिली होती. ती बुजली ती अशा नव्या आवृत्त्यांनीच. ज्या जुन्या राउटरला कंपनी आता आवृत्त्याच देत नाही, तो चालत असला तरी त्याला निरोप द्यावा. आपल्याकडे वस्तू बंद पडेपर्यंत टाकवत नाही, हे मी जाणतो. माझ्या वडिलांचा रेडिओ अजून माळ्यावर आहे. पण रेडिओ म्हातारा झाला म्हणून घरात चोर शिरत नसे.

जाळ्याचे नाव लपवून ठेवले म्हणजे झाले, असेही काहीजण सांगतात. तो निव्वळ समज आहे. ज्याला शोधायचे आहे त्याला लपलेले नाव सहज सापडते. नाव मात्र साधे ठेवावे. आडनाव आणि घराचा क्रमांक त्यात घालणे म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आपणच पत्ता सांगणे.

भीतीही वाजवीपेक्षा जास्त नको. बँकेचे व्यवहार आणि बहुतेक संकेतस्थळे आपले बोलणे स्वतंत्र कुलपात बंद करून पाठवतात. त्यामुळे शेजाऱ्याने आपले वायफाय वापरले म्हणजे त्याला बँकेचा पासवर्ड वाचता आला, असे होत नाही. त्याला पोचता येते ते आपल्या घरातल्या कच्च्या उपकरणांपर्यंत, आणि वापरता येतो तो आपला पत्ता. पैशांची फसवणूक झालीच तर मात्र संकोच न करता लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

राहिला प्रश्न आतिथ्याचा, आणि मराठी घरात तोच सर्वांत अवघड. पूर्वी पाहुणा आला की गूळपाणी देत; आता तो चप्पल काढता काढता पासवर्ड विचारतो. दिवाळीला बहीण येणार, मेहुणे येणार, भाचरे येणार. "देत नाही" कसे म्हणायचे? त्यावर राउटरमध्येच एक सुंदर तोड आहे. पुष्कळशा राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे चालू करता येते. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. पाहुण्याला त्यावरून इंटरनेट मिळते, पण घरातल्या वस्तूंपर्यंत त्याला जाता येत नाही. जुन्या वाड्यांत ओसरी असे ना, तसेच हे. आल्यागेल्याने ओसरीवर खुशाल बसावे, पाणी प्यावे, पान खावे. माजघरात घरच्यांनीच जावे. या ओसरीचा पासवर्ड सण संपला की बदलायचा. टीव्ही, दिवे असली नवी हुशार उपकरणेही तेथेच ठेवलेली बरी. आमच्याकडे खालच्या वहिनींच्या नातवाला आता ओसरीचा पासवर्ड दिला आहे. तो यंदा दहावीला आहे. दार लावायचे म्हणजे माणसे तोडायची असे नव्हे, एवढे समाधान मला त्यातून मिळाले.

सर्व काम आटोपायला त्या रात्री अकरा वाजले. कॅमेऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. विद्यार्थी म्हणाला, पासवर्ड बदलून तो पुन्हा लावता येईल, आता काही भीती नाही. हिचेही मत तसेच पडले. आई पडली तर कळणार कसे? मी आईच्या खोलीत गेलो आणि तिलाच विचारले. खरे म्हणजे हे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. ज्या खोलीत ती निजते, कपडे बदलते, देवाचे नाव घेते, तिथे डोळा ठेवायचा की नाही, हे तिला न विचारताच आम्ही ठरवून टाकले होते. बाहेरचा कुणी तरी पुढे शिरला. पण तिची खोली उघडी करण्याचा मान आमच्याकडेच जातो.

"आई, तू सांगत होतीस, आणि मी ऐकले नाही," मी म्हणालो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला म्हातारी झाले असे वाटायला लागले होते. म्हटले, खरेच भास होत असतील."

कॅमेरा आम्ही लावला नाही. त्याऐवजी आईच्या गळ्यात एक घंटीचे बटण आहे. दाबले की खालच्या वहिनींकडे वाजते, आणि वहिनी चपला न घालताच वर धावत येतात. दोनदा ती चुकून दाबली गेली, आणि दोन्ही वेळा वहिनी चहा घेऊन गेल्या.

आमच्या घरात एक जुनी रीत आहे. रात्री दिवा मालवण्यापूर्वी आई आतून विचारते, "कडी लावलीस का रे?" लहानपणापासून मी "हो" म्हणत आलो आहे. हल्ली ती विचारते, "दोन्ही कड्या लावल्यास का?" आणि मी टीव्हीमागच्या त्या लुकलुकणाऱ्या पेटीकडे एक नजर टाकून मगच "हो" म्हणतो.